नमुना क्रमांक सतरा

घरी सांगून आले, चाचणीला जाते.
खोटं नाही.
एकतीस वर्षं कारखान्यात आसवं-अरिष्टं चाखली मी,
कुमारी, दशमूळ,
कुटजाचा तो घसा सोलून काढणारा कडवटपणा,
आणि थुंकली पितळी तस्तात.
इथे थुंकायचं नाही म्हणाले.
गिळायचं. कडू मागे कळतं, पडजिभेपाशी.

हिंगण्याच्या एमआयडीसीत पत्र्याचं शेड,
एप्रिलची दुपार, बेचाळीस पूर्णांक काहीतरी.
जरीपटक्याचे मोटवानी,
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी सुकेशिनी मेश्राम,
आणि मी.
पुढ्यात बिनखुणेचा ग्लास, एक कागद, पन्नास गुण.
वासाला बारा. चवीला वीस.
रूपाला फक्त तीन.
माझ्या वेळी पाहुण्यांच्या हाती हा कागद असता तर.

रूप : गढूळ केशरी,
फेस दाट, काचेला जाळी धरून बसलेला,
कुठे जायची घाई नसलेला.
तीनपैकी तीन.

वास : पहिल्याच श्वासाला ओला वाळा.
लिहिलं, 'गवती, किंचित मातकट'.
सुकेशिनीने वर बघितलं.
"ताई, तो कूलर आहे."
खोडलं.
कूलर बंद करायला लावला.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
घाम पाठीवरून कमरेत,
आणि ग्लास हातात हळूहळू कोमट.
आधी लवंग आली.
मग काळे ठिपके पडलेलं केळं.
"बेल्जियमचं यीस्ट असंच," सुकेशिनी म्हणाली,
"ऊब मिळाली की बोलायला लागतं."
आणि त्यांच्या मागून,
दाराशी चपला काढून आत यावं तसं
कुणीतरी ओळखीचं :
संत्र्याची साल.
आंबिया नाही. मृगाची.
शेवटच्या तोड्याची, फळावर सैल झालेली.

मोटवानींनी पेन ठेवलं.
"हे बेल्जियम बी नाही न् इंडिया बी नाही.
काहून गुण द्यायचे?"

नावात इंडिया आहे खरं.
गोऱ्यांनी जहाजात भरून गोऱ्यांसाठीच धाडलेली.
कामठीच्या छावणीत प्यायलाही असेल एखादा साहेब
घामोळं खाजवत.
रिकामी बाटली कुणीतरी धुतली असेल,
घासलेट भरून खुंटीला टांगली असेल.
आपला संबंध तेवढाच.
आता ती बेल्जियमला जाऊन यीस्ट घेऊन आलीय,
हॉप्स कुरियरने, पाणी बोअरचं,
कोणत्या गावची म्हणायची?
कागदावर त्याला रकाना आहे, 'शैलीशी प्रामाणिक'.
तो मी शेवटी ठेवला.

चव : कडू दोन.
एक हॉप्सचं, कडुनिंबाच्या फुलासारखं,
येतं, काय ते सांगतं, निघतं.
दुसरं बसून राहतं जिभेच्या कडा धरून.
ते हॉप्सचं नाही.
ते सालीच्या आतल्या पांढऱ्याचं.
सोलणाऱ्याने घाई केली.
किंवा सुरी बोथट होती.
किंवा सुरीच नव्हती.
तेरा.
आणखी एक घोट, खात्रीसाठी.
चौदा.

शेवटचा रकाना कोरा सोडणार होते.
मग लिहिलं :
यीस्टशी आहे, संत्र्याशी आहे,
अजून कुणाशी हवं?

एकूण छत्तीस.
मोटवानींचे एकोणतीस,
पण तळापर्यंत रिकामा ग्लास त्यांचाच.

बाहेर निंबाखाली पोरं उभी.
कुणाचा नमुना कोणता, विचारायचं नाही,
सांगायचं तर नाहीच.
एक जण मघापासून खिशात हात घालून.
"पाणी घ्या ताई, लय तापलं आज."
बाटली पुढे करताना हात बाहेर आले,
नखं पिवळी,
अंगठ्याची तर मुळापर्यंत.

पाणी प्याले.
घशात कडू होतंच अजून,
बोअरचं पाणी त्यावर गोड लागलं.

नियम म्हणजे नियम.
पण नियमांत सुरीबद्दल काही लिहिलेलं नाही.
"धार लावून घे," एवढंच म्हटलं,
आणि रिक्षा बघायला लागले.
हात पुन्हा खिशात गेले.