विषयाची ओळ

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या वरच्या खोलीत
पावणेसहाला मी मडिवाळरांना मेल लिहिला.
बेचाळीस ब्रॅकेट परत आलेले, पोटात भोकं घेऊन,
आणि मिटिंगमध्ये नाव निघालं माझं.

'मी आधीच कळवलं होतं' हे ठळक केलं.
सीसीत मालक, मालकांचा जावई,
हुबळीचा ऑडिटरसुद्धा.

मनात मराठी उसळत होती, खानापूरकडची, जाडीभरडी.
त्यांच्या मनात कन्नड उसळली असती.
मधे ही इंग्रजी,
दोघांनीही पस्तीस मार्कांवर ओलांडलेली.
तिच्यात भांडण धड होत नाही,
नुसतं लागतं.

बटण दाबलं, तर यंत्रानंच अडवलं:
विषयाशिवाय पाठवू?

विषय काय होता?
ब्रॅकेट, की मी?

खाली भट्टी निवत आली.
रिकाम्या ओळीत कर्सर लुकलुकत राहिला.
मग लिहिलं:
लॉट सतरा, वाळू ओली, उद्या नऊला बघू या का.
ठळक खोडलं. ऑडिटर काढला, जावई काढला.
मालक राहू दिला. इतका काही मी साधू नाही.

दोन मिनिटांत उत्तर: ओके.
त्याखाली रोमन अक्षरांत एक जादा शब्द,
बर्री.
चहाला, असावं.

'येतो' म्हणून कळवलं,
विषय तोच ठेवून.