चौकट, चौदा बाय अठरा

माझ्या दुकानात काचेमागे जायला येतात ते
एक तर देव, नाहीतर गेलेली माणसं.
वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळीच्या कट्ट्यापासून चौथा गाळा.
एकवीस वर्षं दोघांनाही मी सारखीच काच लावतो,
दोन मिलिमीटर.

शालन वजराटकर आली
तेव्हा तिच्या पिशवीत झाडं होती. नऊ.
ती रोपवाटिकेत कलमं बांधते.
खुंट छाटायचा, काडी पाचरीसारखी तासायची,
सालीला साल भिडली पाहिजे, मग पट्टी आवळायची.
तिचे हात हे झोपेतही करत असतील.
रविवारी तेच हात जलरंग घेऊन बसतात.

पहिला काजू.
उतारावरचा काजू असतो तसाच, कोपरावर रेललेला,
जेवून हात वाळले तरी पानावरून न उठता
गजाली मारत बसलेल्या माणसासारखा.
मी म्हणून गेलो, "हो तर आमचो धाकलो काको."
ती म्हणाली, "हो काजू."

मग उंडी, खाडीच्या तोंडाशी,
वाऱ्याकडे पाठ करून
डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेली.
मग कांदळ: कालवं काढायला उतरलेल्या बायका,
गुडघाभर चिखलात, ओळीने नव्हे,
जिला जिथे पाय ठेवता आला तिथे.
"पाय बरे काढलंस," मी म्हटलं.
"पाय खयचे? मुळां ती."

पुढे दुकानाशी माणसं थांबायला लागली.
पाववाल्या आग्नेलने सायकल टेकवली
आणि फणसात आपली आई ओळखली:
खांद्यावर पोर, कमरेला पोर, अगदी पायाशी लोंबकळणारं पोर,
आणि ती मात्र वर कुठेतरी बघतेय.
सोसायटीचा हिशेबनीस सुरूच्या झाडापुढे उभा राहिला,
काही न बोलता गेला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.
म्हणाला, माझे खांदे इतके पडलेत?

शालनच्या कानावर गेलं. ती वैतागली.
"माणसां काढुची असती तर माणसांच काढलं असतंय.
माणसां बसतत खय
पाच मिनटां गप?"

नववं चित्र मी मागे ठेवलं होतं.
मठच्या वळणावरचा ऐन,
मगरीच्या पाठीसारखी साल.
रस्ता रुंद करणाऱ्यांनी छातीइतक्या उंचीवर ती तासून
पांढरा पट्टा मारलेला, त्यावर लाल आकडा.
२१४.
तिने तो ओघळासकट काढला होता.
झाड सरळ उभं. फांद्या अंगालगत.
पासपोर्टच्या फोटोला उभं करतात तसं,
हनुवटी किंचित वर.

मी हिशेब केला: खालून माउंट दोन इंच जास्त घेतला
तर आकडा झाकला जाईल,
नुसतं झाड दिसेल, गिऱ्हाईक मिळेल.
तिने चित्रावर बोट ठेवलं.
"सरकारान एक नाव दिल्यानी तेका,
ताव झाकतंस कित्याक?"

ती गेल्यावर पट्टी कापायला घेतली.
पंचेचाळीस अंशात, चार कोपरे.
भुसा मनगटावरच्या केसांत बसला.
ही पट्टी कुठल्या लाकडाची, मी कधी विचारलं नव्हतं.
कुडाळहून गठ्ठ्याने येते, पॉलिश मारलेली.
त्या दिवशी नखाने पॉलिश खरवडून बघितलं.
आत रेषा होत्या, जवळजवळ, मग लांब, मग पुन्हा जवळ.
ओळख पटली नाही.

आठ चित्रं ती घेऊन गेली.
नववं अजून इथेच आहे, गजलक्ष्मी
आणि मयेकरांच्या आजोबांच्या मधल्या खिळ्याला.
रस्ता तर केव्हाच झाला.
परवा एक बाई दत्ताची तसबीर न्यायला आली,
पैसे मोजता मोजता वर बघून म्हणाली,
हे कोण?

मी म्हटलं,
मठच्या वळणावर असायचे.