शिशाचं अक्षर

कुत्ना होराच्या चांदीच्या खाणी कधीच्या रित्या.
त्यांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर,
वेंदुला कादंबरीत एका मुलाला मारते आहे.
आधी कावळा येतो, मग हंस,
मग चोचीनं छाती फोडून
पिलांना रक्त पाजणारा पेलिकन.
काळं, पांढरं, लाल:
किमयागारांचा क्रम तिला पाठ आहे,
शुक्रवार ते रविवार हे अंतरही.

बाप, ओत्मार, छापखान्यात शिसं ओतायचा.
नखांत काजळी, हिरड्यांवर निळसर रेघ.
प्रार्थनेनंतर द्राक्षरसाचा पेला
त्याच्या हातात थरथरायचा, सांडायचा.
परीस कुठला लागायला?
शिशाचं सोनं झालं नाही, अक्षर झालं,
आणि बाप सरला.
त्यातलं एक टेबलावर आहे अजून,
उलटं. आरशातच वाचता येतं.

वहीत मात्र सगळं जुळलंय.
तिसऱ्या दिवशी मुलगा उठतो,
कपाळावर सोन्याचा कण.

शेजारची यित्का, वय आठ,
पानं चाळता चाळता विचारते,
"आणि पेलिकनला कोण पाजतं?"

वेंदुला पेन्सिल चावते.
प्रश्न समासात उतरवते,
खाली चार ओळी मोकळ्या सोडते.
मग उठून
दूध तापत ठेवते, दोघींपुरतं.