टाचणीखालचं टाचण

बाबा गेल्यावर बेचाळीस पेट्या उरल्या.
काचेची झाकणं, आत डांबरगोळीचा वास,
आणि भुंगेरे ओळीने,
शाळेच्या फोटोत उंचीप्रमाणे उभे केल्यासारखे.

संग्रहालयातून ह्लावाचोवाबाई आल्या.
डोळ्याला भिंग लावून म्हणाल्या,
किड्याला तशी किंमत नसते.
किंमत त्याच्या खालच्या चिठ्ठीला.
कुठे, कधी, कुणी.
चिठ्ठी नसेल तर हा नुसता मेलेला किडा,
तो तुमच्या खिडकीतही मिळेल.

म्हणून यादी करायला बसले.
नखाएवढा कागद, त्यावर तीन ओळी,
मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं तसं अक्षर.
हा माणूस सत्तावीस वर्षं खाणीत कोळसा फोडत होता,
बोटं अशी सुजलेली
की शर्टाचं वरचं बटण आई लावून द्यायची.
आणि हे अक्षर!
रोजनिशी त्यांनी कधी लिहिली नाही,
टाचणीत ओवलेली ही टाचणं तेवढी.

सोमवार ते शनिवार जमिनीखाली.
रविवारी पुन्हा जमिनीशीच, पण वरून:
ओस्ट्राव्हाबाहेर खाणीने ओकलेल्या राडारोड्याच्या टेकड्या,
आतून अजून धुमसणाऱ्या,
जिथे जानेवारीतही बर्फ धरत नाही
आणि दक्षिणेकडचे वाट चुकलेले किडे
ऊब बघून राहून जातात.
ओटाकरकाका चिडवायचे,
'बोहुमिर, सहा दिवस खाली उकरून भागलं नाही का रे?'
बाबा दगड उलटवत राहायचे.
उलटवलेला दगड होता तसा परत ठेवायचा,
एवढा एकच धर्म त्यांनी मला शिकवला.
'कुणाचं तरी छप्पर आहे ते.'
माझ्या हातात मारायची बाटली असे,
तिच्या औषधाला पिकल्या नासपतीचा वास.
नासपती मी अजून खात नाही.

पेटी अकरा. माझा जन्मदिवस.
'इस्पितळाचं कुंपण, आग्याच्या पाल्यावर. तीन.'
हसूच आलं. म्हणजे त्या दिवशी
बाबांना एकूण चार मिळाले.

पेटी एकोणतीस.
'१९ ऑक्टोबर १९८८. दफनभूमी, ताज्या मातीवर. एक.'

मला तो दिवस आठवतो.
सगळे मूठ मूठ माती टाकत होते,
बाबा वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.
मावशीने कोपर धरलं, तिला वाटलं, कोसळले.
मग त्यांचा हात खिशात गेला,
आम्हाला वाटलं, रुमाल.

झाकण लावलं.
दोन दिवस त्या खोलीत गेले नाही.
स्वतःच्या बायकोच्या खड्ड्याशी सुद्धा, मनात म्हणत होते,
खिशात काचेची नळी घेऊन गेलात.

तिसऱ्या दिवशी ह्लावाचोवाबाईंनी ती पेटी उघडली,
बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाल्या,
हा तर अगदी साधा, काळा, कुठल्याही विटेखाली सापडतो.
तुमच्या वडिलांसारखा माणूस असला का ठेवेल?
काढून टाकू, जागा होईल.

थांबा, म्हटलं. आणि पहिल्यांदाच
तिसरी ओळ वाचली.
इतर सगळ्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'बो.'
हिच्यावर 'बो. आणि ड्रा.'

ड्राहोमिरा, माझी आई.
जिने जन्मात एक किडा हातात धरला नाही,
न्हाणीघरात झुरळ निघालं
तर स्टुलावर चढून बाबांना हाका मारायची.

बाईंनी भिंग खाली ठेवलं, वही ओढली.
'दोघांनी मिळून गोळा केलाय?
मग नोंदीत दोन्ही नावं पूर्ण लागतील.'

लागतील तर लिहा, म्हटलं.
त्यांचं पेन मध्येच अडलं,
झटकून त्यांनी आईचं नाव पुन्हा गिरवलं.