मधला लाल

एक वीत पंख. बहात्तरास एक.
तळहातावर सीफायर उभं राहतं,
चाकं खाली, पोट अजून बिनरंगाचं,
आणि तीन वर्षं मी अडून बसलोय
शेपटीजवळच्या दोन आकड्यांपाशी.

फोटो चोरबाजारातला. फिदाअलीशेठनी
अल्बमसकट दिला, म्हणाले,
जहाजाचा असता तर दुप्पट घेतले असते.
मागे पेन्सिलीनं : मुंबई, पंचेचाळीस.
पुढे एक माणूस, उघडा, मानेवर फडकं,
विमानाला टेकलेला, जसं ते त्याच्याच दारातलं आहे.
त्याच्या खांद्याआड माझे दोन आकडे.

किती पत्रं गेली त्या खांद्यापायी.
पोर्टस्मथच्या एका निवृत्त मेकॅनिकनं
तक्ते धाडले, तुकड्यांची अक्षरं, जहाजांच्या तारखा,
आणि शेवटी, वैतागून, एकच ओळ :
त्या गृहस्थांना जरा सरकायला सांगा.

आकडे नाहीत तर नाहीत, निदान रंग.
पण काळ्यापांढऱ्यात रंग शोधायचा
म्हणजे खोकल्यावरून माणूस ओळखायचा.
काही फिल्मना लाल दिसतच नसे,
लाल तिथे काळा पडे
आणि निळा इतका फिका, की आभाळात मिसळे.
भिंगाखाली वर्तुळ धरतो : मध्ये काळं काही नाही.
म्हणजे लाल काढलेला.
इकडे पूर्वेला काढतच तो,
कारण समोरच्याच्या पंखावरही लाल गोळा होता
आणि तोफेवरच्या पोराला
दोन लालांत फरक करायला वेळ नसे.

माथारपाखाडीत रेजिनाबाई राहतात, वय एक्क्याऐंशी.
फोटो हातात घेतला. विमान पाहिलंच नाही.
"यो तर माजा बापूस," म्हणाल्या.
इनास. गोदीत रंगारी.
खुर्ची ओढून मी वही उघडली,
विचारलं, लाल कशानं पुसायचे?

"लाल काय पुसत नाय. वर दुसरा चढवाचा."
एक हात पांढरा. उन्हात ठेवलं
की खालून गुलाबी उमटायचा.
मग दुसरा हात. पांढराही पिवळट यायचा डब्यातून,
म्हणून इनास घरून न्यायचा
मोरीतली नीळ, पुडीत बांधून,
आणि तिची आई शोधत बसायची.
म्हणजे छटा कुठली? मी रंगांची पट्टी पुढे केली.
त्यांनी ती बाजूला ठेवली.
"रविवारच्या सदऱ्याची."

आणि आकडे? शेपटीवर काय लिहिलं होतं त्यांनी?
"त्याला कुठं लिवता येत व्हतं?
आकडे दुसरा कोण काढी. यो निस्ता गोल."

घरी आलो. आधी लाल लावला,
पुरा, नीट, काठ धरून, जो कुणी पाहणार नाही.
रात्रभर वाळू दिला.
मग पांढरा, त्यात सुईच्या टोकावर मावेल इतकी नीळ.
सकाळी गुलाबी आला. हसलो.
दुसरा हात.

किटमधले छापील लाल ठिपके उरले, सहा.
कुमुदताईनं डबी उघडून विचारलं, टिकल्या?
विमानाच्या, मी म्हणालो. लागल्या नाहीत.
तिनं एक बोटाच्या पेरावर घेतला,
उजेडात धरला, आणि परत ठेवला
जसा होता तसा, छापील बाजू वर.
दाजींना जाऊन या मार्गशीर्षात नऊ वर्षं होतील.

दादरच्या प्रदर्शनात परीक्षक वाकले,
बॅटरी मारली. पांढरा नियमातला नाही, म्हणाले.
मग मान तिरकी करून,
आणि हे आकडे? अर्धेच?

आहेत की. त्याच्या मागे आहेत.

पाऊण पेराचा माणूस, तारेचा, पुट्टीचा,
मानेवर सिगरेटच्या कागदाचं फडकं.
परीक्षकांनी चिमट्यानं हळूच लोटून पाहिलं.

नाही सरकायचा, म्हटलं. चिकटवलाय.