सोपी वाट

वनखात्यानं सात पाट्या रंगवायला दिल्या.
हिरवा पत्रा, पांढरी अक्षरं,
खाली एक पाऊल काढायचं.
मजकूर सगळीकडं तोच: सोपी वाट.
किलोमीटर तेवढे वेगळे.

मी उखर्डू पेंटर, चोपड्याचा.
उमर गेली ट्रकांच्या पाठीवर
आणि दुकानांच्या कपाळावर.
पण ‘ताजे दही’ लिहायच्या आधी
बोटभर चाखून बघणारा माणूस.
वनपालाला म्हटलं, आधी चालून येतो, मग ब्रश.
तो माझ्या गुडघ्यांकडं बघून हसला.

पहिली केळीच्या बागांमधून.
पाटचारीच्या कडेनं, ठिबकच्या नळ्या ओलांडत.
वाऱ्यानं फाटून पानांचे कंगवे झालेले,
आत सावली इतकी ओली
की काडी तीनदा विझली.
सोपी. लिहून टाकलं.

दुसरी तापीकडं उतरते, घळींतून.
पिवळट मातीच्या भिंती, पाण्यानं कुरतडलेल्या.
दहा पावलं आत गेलं
की आभाळ उरतं पट्टीएवढं.
हाक मारली तर ती परत येते
थोडी म्हातारी होऊन.
सोपी, पण पाऊस नसला तर.
पाटीवर ‘पण’ला जागा नव्हती.

तिसरीला अंजनाचं रान.
जोडपानं, जणू कुणी मिटून ठेवलेली
हजारो छोटी पुस्तकं.
बूट काढून खडा झटकला,
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा,
आणि एक नीलकंठ समोरच्या फांदीवर
माझं जेवण संपेपर्यंत बसून राहिला.
याला काय लिहू? सोपीच.

चौथीच्या शेवटी ऊन पाण्याचा झरा.
पाय सोडून बसलो.
तिथं कुठलीही वाट सोपी वाटली असती,
म्हणून ते मत धरलं नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललो, पाय न बुडवता.

पाचवी सातपुड्यात चढते. तीन किलोमीटर.
अर्ध्यात धाप लागून मी दगडावर.
वरून जिंगलीबाई पावरा उतरत होती,
डोक्यावर मोहाची टोपली, पाय उघडे,
बाजाराच्या घाईत.
थांबली. काय करतो म्हणाली.
म्हटलं, वाट सोपी आहे का ते लिहायचंय.

तिनं खरंच विचार केला.
टोपली उतरवली नाही, मान तेवढी सरळ केली.
“सकाळची सोपी हाय.
संध्याकाळी मीठ-तेल घेऊन चढतो, तवा नाही.”
मग हनुवटीनं दाखवलं, ते सालईचं झाड.
“थोरला तिथं झाला.
झोळीत घालून दवाखान्यात नेत व्हते मला.
तिथवरच पोचलो.”

झाडाचं खोड, साल पापुद्र्यासारखी सुटलेली.
खाली काहीच नाही. वाळकी पानं, एक मुंग्यांची रांग.
“जगला?” मी विचारलं.
“जगला ना. तुमच्याच गावाकडं केळीचे घड उचलतो.”
आणि ती उतरून गेलीसुद्धा,
मला उठायला अजून वेळ होता.

सहावी, सातवी राहिली. गुडघा सुजला.
त्या पाट्यांवर नुसतं ‘वाट’ लिहिलं.
वनपाल म्हणाला, पुढचा शब्द?
म्हटलं, मागं हिरवी जागा सोडलीय साहेब,
चालून या, मी भरून देतो.

पाचवीवर लिहिलं: सकाळची सोपी वाट.
पाऊल काढलं ते बिनबुटाचं,
बोटं पसरलेली, टाच भेगाळलेली.
रंग उरला म्हणून शेजारी
एक बोटभर लांबीचं दुसरं.

त्या पाटीचे पैसे अजून अडकलेत.
रविवारी शहरातले लोक येतात,
म्हणे तिच्यापाशीच जास्त फोटो निघतात.
कोणी म्हणालं, पेंटर, छान सुचलं हो तुम्हाला.

मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवत होतो.
म्हटलं, सुचलं नाही भो,
सांगितलं होतं.