सुटलेली ओळ

दर मंगळवारी मी जेलरोडला जाते,
विधी सेवेचे फॉर्म भरायला.
बसभाडं मिळतं, चहा आपला आपण.
निवृत्त लघुलेखक, मराठी, मिनिटाला ऐंशी शब्द,
असं अजूनही सांगते कुणी विचारलं तर.

अकरावा होता लहानू भोये, तालुका पेठ.
घरफोडी पाच वर्षं. चोरी पाच वर्षं.
"म्हणजे दहाच ना, बाई?"
विहिरीवरची मोटर आणि तांब्याची तार.
"नेली होती," म्हणाला, "खोटं कशाला."
आत येऊन सात वर्षं चार महिने.

निकालाची प्रत घड्यांवर मऊ पडली होती.
शेवटच्या पानावर डावीकडे, अगदी खाली,
टंकणाऱ्याची आद्याक्षरं:
प्र. ग. पि.
प्रमिला गणपत पिंगळे.
फॉर्म तसाच ठेवून मी पाणी मागितलं.

घरी माळ्यावर पत्र्याची ट्रंक,
नाडीनं बांधलेल्या वह्या, झुरळांची अंडी.
रात्री दीडला ती तारीख सापडली
आणि साहेबांचं वाक्य, माझ्याच पेन्सिलीनं,
नखाएवढ्या दोन वळणांत:
दोन्ही शिक्षा एकत्रित भोगाव्यात.
वहीत होतं. कागदावर नव्हतं.
टाइप करताना ओळ सुटली
आणि माणूस राहिला.

त्या दिवशी घाई कसली होती?
पाहुणे? डोकेदुखी? पाचची बस?
आठवत नाही.
आठवलं असतं तर निदान कारण तरी असतं.

तुरुंगापासून जवळच नोटा छापतात.
चुकलेली नोट म्हणे दारातून बाहेर पडत नाही,
दहा डोळे तिच्यावरून फिरतात.
माझ्या पानावरून किती फिरले?
सही, शिक्का, जावक क्रमांक.

तांबोळी वकील म्हणाल्या, "शपथपत्रात हे घालू?
पेन्शनवर येईल कदाचित."
मीच टाइप केलं. चारदा वाचलं,
शेवटून सुरुवातीकडे, शब्द सुटा सुटा धरून.
तारखा पडल्या. साहेब बदलले. वही मोहोरबंद झाली.
शेवटी सुनावणी तीन मिनिटांची,
त्यातला एक मिनिट साहेब चष्मा शोधत होते.

लहान दारातून तो वाकून बाहेर आला,
बाहेर आल्यावरही थोडा वाकलेलाच.
बिटकोच्या चौकात त्याला वडापाव दिला आणि सांगितलं.
सगळं. आद्याक्षरांसकट.
त्यानं मिरची बाजूला काढली,
कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.
प्रेसचा भोंगा झाला तसा उठून उभा राहिला,
मोजणीसाठी.
मग बसला नाही. पेठची एसटी शोधत निघून गेला.

नंतर कळलं ते इकडून तिकडून.
गावात भावानं ओटीवर झोपू दिलं, आत नाही.
मुलगी, सोडून गेला तेव्हा दुसरीत होती,
ती आता त्याला "तुम्ही" म्हणते.
आत सुतारकाम शिकला होता, रंधा मारून मारून
बोटांच्या रेषा गेल्या, आधारचं यंत्र त्याला ओळखेना.
तांबोळीबाईंनी तीन खेपा घातल्या.
सिन्नर फाट्याला भालेराव मिस्त्रींनी
"हात दाखव," एवढंच विचारलं. कागद नाही मागितले.

मंगळवारी, साडेअकराला,
माझ्या दारात अंगावर लाकडाचा भुसा घेऊन उभा.
"पावतीपुस्तक छापायचंय. मजकूर लिहून द्याल?"
आत बोलावलं, आला नाही.
पायरीवर बसून मी लिहिला:
लहानू भोये, सुतारकाम, खिडक्या, दारं, दुरुस्ती.
वाचून दाखवला.

"इकडे द्या," म्हणाला.
गुडघ्यावर कागद ठेवून
अक्षराखाली बोट, पुढच्या अक्षराखाली बोट,
ओठ हलवत, मुळीच घाई न करता,
तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला.
मी उभीच होते.